उरलेली चोवीस मिनिटं

रायपूर हे क्रिकेट आणि हॉकीचं गाव. फुटबॉलवरून इथे चहाच्या टपरीवर कुणी भांडताना मी पाहिलेलं नाही. आमच्या टीव्ही रूममध्ये मात्र 3 मार्च 2023 ची एक मॅच महिन्यातून एकदा तरी पुन्हा खेळली जाते. एका बाजूला त्रिशूरचा नायक, केरला ब्लास्टर्सचा कट्टर. दुसऱ्या बाजूला कोल्हापूरचा हवालदार, ज्याचं लहानपण शाहू स्टेडियममध्ये पाटाकडीलच्या नावाने घसा बसवण्यात गेलं. गेल्या रविवारी त्यांनी मला पंच केलं. माझा निकाल नायकाला पटला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

ज्यांनी ती मॅच पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंडियन सुपर लीगचा प्लेऑफ, बंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम. चौथ्या नंबरची बंगळुरू एफसी विरुद्ध पाचव्या नंबरची ब्लास्टर्स, हरणारा घरी. नव्वद मिनिटं 0-0. जादा वेळेत, 96 व्या मिनिटाला, बंगळुरूला फ्री किक मिळाली. ब्लास्टर्सचा गोलकीपर प्रभसुखन गिल भिंत लावून घेत होता. सुनील छेत्रीने शिट्टीची वाट न पाहता चेंडू रिकाम्या जाळ्यात टाकला. पंच क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. ब्लास्टर्सचे कोच इव्हान वुकोमानोविच यांनी टीमला मैदानाबाहेर बोलावलं आणि ती परत आलीच नाही. मॅच बंगळुरूच्या नावावर लागली.

नायकाचं म्हणणं: शिट्टी नाही, तर गोल नाही. हवालदाराचं म्हणणं: झोपलेल्याचा माल चोरीला जातो.

नियम हवालदाराच्या बाजूने बराच आहे. समोरचे खेळाडू 9.15 मीटरच्या आत असले तरी फ्री किक झटपट घेता येते. पंचाने कार्ड दाखवायला किंवा भिंत मागे हटवायला खेळ थांबवला असेल, तरच शिट्टीची वाट पाहावी लागते. मला भिंत नको, शिट्टी नको असं पंचांना सांगितलं होतं, आणि लुनाला कल्पना होती म्हणूनच त्याने माझा पहिला प्रयत्न अडवला, असं छेत्री नंतर म्हणाला. (छेत्री फौजी घरातला, वडील ईएमईमध्ये होते. घात लावणं त्याला कुणी शिकवायला नको.)

पण चला, नायकाचं सगळं मान्य करू. गोल चुकीचा होता, पंच चुकले, लीगमध्ये व्हिडिओ रेफरी नव्हता. माझं भांडण त्या गोलशी नाहीच. ते त्यानंतरच्या चोवीस मिनिटांशी आहे.

चोवीस मिनिटांत एक गोल फिटत नाही? एड्रियन लुनासारखा खेळाडू, डायमांटाकोससारखा स्ट्रायकर ज्या टीमकडे होता, तिच्याकडून? पंचाचा निर्णय मान्य नसेल तर मॅच संपवून लेखी निषेध नोंदवता येतो. ब्लास्टर्सनी निषेध नोंदवला, पण मैदान सोडून. तो फेटाळला गेला. वर क्लबला 4 कोटींचा दंड, कोचला 10 सामन्यांची बंदी आणि 5 लाख. क्लबला जाहीर माफी मागावी लागली. तिकडे बंगळुरूने सेमीफायनलला मुंबई सिटीला पेनल्टींवर हरवलं आणि फायनल गाठली.

आणि कोचीच्या विमानतळावर या टीमचं जंगी स्वागत झालं! मला चीड येते ती याची. चाहत्यांच्या संघटनेचं नाव मंजप्पडा, म्हणजे पिवळी फौज. फौज म्हणवता आणि मोर्चा सोडून आलेल्यांना हार घालता? "साब, स्वाभिमान का सवाल था," नायक म्हणतो. स्वाभिमान कोणाचा? हुकूम कोचचा होता. ज्यांनी 96 मिनिटं पाय झिजवले त्यांच्या वाट्याला काय आलं?

हे मी कुठल्या तोंडाने बोलतो, तेही सांगतो. लेफ्टनंट असताना युनिटची टीम माझ्याकडे होती. एका मॅचमध्ये आमच्यावर ढळढळीत ऑफसाइड गोल दिला गेला. खडकवासल्याहून आणि डेहराडूनहून ताजा ताजा आलेला, डोक्यात वारं. टीमला हाक मारली आणि घेऊन बाहेर आलो. जवान आले, कारण साहेबाने हुकूम दिला होता. मला वाटलं, आता सीओ पाठ थोपटतील.

दुसऱ्या दिवशी सीओंनी ऑफिसात बोलावलं. ऑफसाइडबद्दल एक शब्द नाही.

"किती मिनिटं उरली होती?"

"अकरा, सर."

"तुझ्या गोलकीपरची पेन्शन कधी आहे?"

मला माहीत नव्हतं. त्याच महिन्याअखेरीला होती. चौदा वर्षं तो युनिटसाठी गोलमध्ये उभा राहिला होता आणि ती त्याची शेवटची मॅच होती. त्यातली अकरा मिनिटं मी परस्पर देऊन टाकली होती. मी माफी मागायला गेलो तेव्हा तो स्टोअरमध्ये सामान जमा करत होता. म्हणाला, "कोई बात नहीं साब, गोल ऑफसाइड ही था." ग्लोव्ह्ज मोजून दिले आणि सही केली.

नायकाला हे सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "पर साब, सीटी तो नहीं बजी थी." पुढच्या रविवारी तो मला पुन्हा क्लिप दाखवणार आहे. हवालदाराने आत्ताच पुढची खुर्ची धरून ठेवली आहे.