तळघरातून : पॉलिश करण्याआधी



गेल्या दिवाळीला या सदरात मी जुन्या रेडिओंबद्दल लिहिलं, तेव्हा आमच्या सौ.नी विचारलं, "आणि त्या व्हॅक्युमांबद्दल कधी लिहिणार? तळघर तर त्यांनीच भरलंय." विचारलं म्हणजे टोमणाच मारला. पण टोमण्यात तथ्य आहे. ट्रॉयच्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये आज घडीला २६ व्हॅक्युम क्लीनर आहेत. त्यातले १९ चालतात. वर घरात जो रोज फिरतो तो २७वा. तो नवा आहे, बॅटरीवर चालतो, आणि माझ्या मते त्याला काही चेहराच नाही.

हे खूळ लागलं कसं, ते आधी सांगतो. १९९६ साली मी मिशिगनला आलो. गाड्यांच्या धंद्यातली नोकरी, जशी आपल्यातल्या निम्म्या लोकांची. पहिल्या उन्हाळ्यात शनिवारी सकाळी गराज सेल आणि इस्टेट सेल पालथे घालायची सवय लागली. गरज म्हणून सुरू झालेली ही सवय गरज संपल्यावरही सुटली नाही, हेही आपल्यातल्या निम्म्या लोकांचं. अशाच एका इस्टेट सेलमध्ये तळघराच्या कोपऱ्यात एक उभा व्हॅक्युम दिसला. काळी कापडी पिशवी, ॲल्युमिनियमचं डोकं, आणि त्यावरच्या पट्टीवर दोन शब्द : युरेका, डेट्रॉईट.

युरेका! माझं बालपण चिंचवडला गेलं. ऐंशीच्या दशकात आमच्या कॉलनीत टाय लावलेला एक तरुण दारोदार फिरायचा. आईनं दार उघडलं की पाच मिनिटांत तो गादीवर मशीन फिरवून, पांढऱ्या फडक्यावर ओढलेली धूळ तिच्या नाकासमोर धरायचा. आईला इतका अपमान वाटला होता की त्या दिवशी तिनं सगळ्या गाद्या गच्चीवर नेऊन बडवल्या. मशीन मात्र घेतलं नाही. त्या मशीनचं नाव युरोक्लीन आणि कंपनीचं नाव युरेका फोर्ब्ज.

मग मी नात्याचा माग काढला. फ्रेड वॉर्डेल नावाच्या गृहस्थांनी १९०९ साली आपल्या डेट्रॉईटमध्ये युरेका व्हॅक्युम क्लीनर कंपनी काढली. गाड्यांच्या या गावात केर काढायची यंत्रंही बनत होती, हे इथं वर्षानुवर्षं राहिलेल्यांनाही ठाऊक नसतं. १९४५ साली कंपनी इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला गेली. त्यामुळे पट्टीवर डेट्रॉईट असेल, तर ते मशीन त्याआधीचं, एवढं वय डोळे मिटून सांगता येतं. १९७४ साली स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सनं युरेका विकत घेतली. आणि १९८२ साली याच इलेक्ट्रोलक्सनं टाटांच्या फोर्ब्जबरोबर भारतात जोडकंपनी काढली, ती युरेका फोर्ब्ज. म्हणजे चिंचवडच्या आमच्या दारात उभ्या राहिलेल्या त्या टायवाल्या तरुणाच्या कंपनीच्या नावाचं माहेर माझ्या नव्या घरापासून अर्ध्या तासावर होतं. १५ डॉलर देऊन मी ते मशीन उचललं. तिथून मागं वळून पाहिलं नाही. पाहायला जागाही उरली नाही.

व्हॅक्युमचा इतिहास हा खरं तर केरसुणीचाच पुढचा अध्याय. १९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ यांनी पहिलं मोठं शोषण-यंत्र केलं. ते घोडागाडीवर असायचं. गाडी रस्त्यावर उभी करायची आणि लांबच लांब नळ्या खिडकीतून घरात सोडायच्या. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबेतला गालिचा त्यांनीच साफ केला. पण घरात मावेल असं यंत्र केलं ते एका झाडूवाल्यानं. ओहायोतल्या कँटनमध्ये जेम्स मरे स्पँगलर एका मोठ्या दुकानाची झाडलोट करायचे. त्यांना दम्याचा विकार होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीनं तो बळावायचा. त्यांनी पंख्याची मोटर, साबणाचं खोकं, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र जोडला. पेटंट मिळालं १९०८ साली. भांडवल नव्हतं, म्हणून ते विल्यम हूव्हर यांना विकलं. हूव्हर यांचा धंदा घोड्यांच्या चामडी सामानाचा, आणि तो मोटारगाडीपायी बसत चालला होता. त्याच १९०८ साली इकडे फोर्डची मॉडेल टी बाहेर पडली. एका गावानं घोड्याचं काम काढून घेतलं, आणि घोड्याचं सामान करणाऱ्यानं दुसऱ्या गावात केराचं काम हाती घेतलं. कँटन ट्रॉयपासून साडेतीन-चार तासांवर आहे. मी दोनदा जाऊन आलोय, सौ. एकदा.

आणि दूर कशाला? आपल्या बिग बीव्हर रोडवर रेक्सएअरचं मुख्य कार्यालय आहे. पाण्यातून धूळ गाळणारा रेनबो त्यांचाच. तो तयार होतो मिशिगनमध्येच, वर कॅडिलॅकला. आपल्यापैकी कित्येकांनी घरी त्याचं प्रात्यक्षिक पाहिलं असेल आणि शेवटी ते काळं पाणी पाहून माझ्या आईसारखीच मान खाली घातली असेल.

आता कामाबद्दल थोडं, कारण मला दरवर्षी कोणीतरी विचारतंच. जुनं मशीन घरी आणलं की पहिला नियम : प्लगमध्ये घालायचं नाही. मोह होतो, पण नाही. जुन्या वायरीवरचं रबर वाळून खाकऱ्यासारखं तुटतं आणि आतली तांब्याची तार उघडी पडते. मी आधी वायर बदलतो. मग आपल्याकडचे वायरमन वापरायचे तो सिरीजचा दिवा लावतो. मशीनच्या मार्गात शंभर वॉटचा जुना, तारेचा बल्ब जोडायचा. एलईडी चालत नाही. दिवा लखलखीत पेटला आणि मोटर जागची हलली नाही, तर आत शॉर्ट आहे. दिवा लागलाच नाही, तर कुठंतरी तार तुटली आहे. दिवा लागून मोटर हळूहळू फिरायला लागली, तर मशीनमध्ये जीव आहे. ही युक्ती मला चिंचवडच्या एका वायरमननं दहावीच्या सुट्टीत शिकवली. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत तिचं नावही निघालं नाही.

नंतर मोटर उघडायची. झिजलेले कार्बन ब्रश बदलायचे. कम्युटेटर अगदी बारीक सँडपेपरनं पुसायचा. एमरी पेपर वापरायचा नाही, त्याचे कण वीज वाहून नेतात. बेअरिंगमधलं ग्रीस सत्तर वर्षांत मेणासारखं घट्ट झालेलं असतं, ते काढून नवं भरायचं. पट्टा बदलायचा. कापडी पिशवी शक्यतो धुवायची नाही, छापलेली अक्षरं जातात. मास्क लावून अंगणात झटकायची, तीही शेजाऱ्यांची गाडी ड्राइव्ह-वेवर नसताना. गंमत म्हणजे या म्हाताऱ्या मोटरी तीन-चारशे वॉटवर भागवतात. आजची मशीनं 'बारा अँपिअर' म्हणून खोक्यावर मिरवतात. जुन्यांचं काम फिरत्या ब्रशवर, नव्यांचं बरंचसं आवाजावर.

सगळ्यात शेवटी पॉलिश. खरं सांगायचं तर मला त्याचंच व्यसन. काळवंडलेलं ॲल्युमिनियम आधी ओल्या सँडपेपरनं घासायचं, मग बफिंगच्या चाकावर धरायचं. दोन तासांत त्यात आपला चेहरा दिसतो. याच आवडीनं या वर्षी माझा घात केला. यंदाचं सदर लिहायचं कारणही तेच.

मार्चमध्ये आपल्या मंडळातल्या एका काकूंचा फोन आला. त्यांचं नाव लिहू नको असं त्यांनीच सांगितलंय. "अरे, घर विकतेय. मुलीकडे जाणार. आमचा पहिला व्हॅक्युम अजून खाली पडलाय. चालू करून देशील का? नाहीतर कचऱ्यात जाईल." ते कर्बीचं मशीन होतं, क्लीव्हलँडचं, जाड ॲल्युमिनियमचं. १९७१ साली जुनंच घेतलेलं. मी ते घेऊन आलो. वायर, ब्रश, बेअरिंग, पट्टा, सगळं केलं. आणि मग मी ते पॉलिश केलं. डोक्याच्या खालच्या बाजूला पुष्कळ ओरखडे होते, तेही घासून काढले. एका खाचेत तांबूस काहीतरी बसलं होतं. गंज समजून ते टूथब्रशनं खरवडलं. तीन आठवड्यांनी मशीन आरशासारखं घेऊन काकूंकडे गेलो. मनात म्हटलं, आज चहाबरोबर चकली नक्की.

काकूंनी आधी वरून हात फिरवला. "किती छान केलंस रे." मग म्हणाल्या, "जरा उलटं कर." मी उलटं केलं. त्यांनी चष्मा लावला, खिडकीजवळ जाऊन पाहिलं, परत पाहिलं.

"नावं कुठं गेली?"

"कसली नावं, काकू?"

त्यांनी सांगितलं ते असं. १९७१ साली एकाच अपार्टमेंटमध्ये चार मराठी बिऱ्हाडं होती. सगळी नवीन, सगळ्यांचे पगार बेताचे. घरभर कार्पेट, आणि त्यावर केरसुणी चालेना. मग चौघांनी अडीच-अडीच डॉलर घालून हे मशीन घेतलं. भांडणं नकोत म्हणून काकांनी खिळ्यानं खालच्या बाजूला वार कोरले आणि प्रत्येक वारापुढे एकेका घराचं आद्याक्षर. सोम, मंगळ, बुध, गुरू. शुक्रवारी ज्याच्याकडे पाहुणे येणार त्याचं. शनिवार-रविवारी मशीनला सुट्टी.

"आणि पहिल्या लक्ष्मीपूजनाला," काकू म्हणाल्या, "केरसुणी आणायची कुठून? इथं काही मिळायचं नाही तेव्हा. आम्ही चौघींनी यालाच हळदकुंकू वाहिलं. म्हटलं, लक्ष्मी समजून घेईल."

ते तांबूस म्हणजे गंज नव्हता.

मी काय बोलणार? त्या चार घरांपैकी आता काकूच मागं उरल्या आहेत. काकांना जाऊन नऊ वर्षं झाली. मंडळाकडे त्या काळातलं फारसं काही नाही. मंडळ सुरू होण्याआधीच्या घरगुती दिवाळ्यांचं तर काहीच नाही. काकांच्या हातचं देवनागरी अक्षर मी दोन तासांत चकचकीत करून टाकलं, आणि ते करताना शीळ घालत होतो.

घरी येऊन फोनमधले फोटो धुंडाळले. वायरीची जोडणी लक्षात राहावी म्हणून उघडण्याआधी एक फोटो काढला होता. त्याच्या कोपऱ्यात एक अक्षर दिसतं, 'गु'. गुरुवारचा गु. बाकी चौकटीबाहेर राहिलं. मी काकूंना विचारलं, "तुम्ही सांगाल तसं परत कोरून देऊ का?" त्या म्हणाल्या, "नको. ते तुझं अक्षर होईल." बरोबरच होतं. मग त्यांनी एका कागदावर चारही वार, चारही घरं, कोण कुठल्या गावचं, कोण पुढं कुठं गेलं, असं सगळं लिहून दिलं. त्यात पाऊण तास गेला. चहा झाला, चकलीही मिळाली. ती घशाखाली उतरायला वेळ लागला. कागदाची एक प्रत मशीनच्या पिशवीला शिवून दिली, एक मंडळाच्या चिटणीसांकडे दिली. मशीन आता काकूंच्या मुलीकडे आहे आणि चालतं.

तेव्हापासून माझे नियम बदलले आहेत. मशीन आलं की आधी सहाही बाजूंनी फोटो. मग मालकाला विचारायचं : यावर काय काय आहे, आणि कुणाचं? ते कळल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर उचलायचा नाही. आणि पॉलिश कोणी स्वतःहून मागितलं तरच. माझ्या २६ पैकी ज्यांचे मालक मला माहीतच नाहीत, त्यांच्यावर मी काय काय पुसलंय याचा हिशोब मात्र आता कधीच लागणार नाही.

तेव्हा वाचकहो, या वर्षी एक काम सांगतो. दिवाळीच्या साफसफाईला तळघरात उतराल, तेव्हा घरात आलेली पहिली वस्तू शोधा. व्हॅक्युमच पाहिजे असं नाही. कुकर असेल, शिलाई मशीन असेल, टाइपरायटर असेल. ती उलटी करून पाहा. फोटो काढा. कुणी घेतली, कधी, किती पैशांना, कुणाकुणात मिळून, हे एका कागदावर लिहा आणि त्याची प्रत मंडळाकडे द्या. मग वस्तू ठेवा, द्या, नाहीतर टाका, तुमची मर्जी. दुरुस्त करून हवी असेल तर माझं तळघर उघडं आहे. फक्त सौ.ना आधी फोन करा.

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे केरसुणी असते, पुण्याहून बॅगेतून आणलेली. यंदा तिच्या शेजारी डेट्रॉईटची युरेकाही ठेवणार आहे. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "ठेव, पण त्या टायवाल्याला सांगू नकोस."

दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. भेटू पुढच्या वर्षी, याच तळघरात.