मागच्या चाकाची जबाबदारी

खेड्यातला शिक्षक ज्या वाहनावर शाळा गाठतो, दूधवाला ज्याच्या दोन्ही अंगांना कॅन अडकवून पहाटेच चार वाड्या पालथ्या घालतो, आणि तालुक्याच्या कचेरीत काम असलेला शेतकरी पत्नीला मागे बसवून ज्याच्यावर निघतो, त्या शंभर सी.सी.च्या मोटारसायकलीचा बहुतांश भार आणि इंजिनाची सारी ओढ मागच्या चाकावर येते. आणि तरीही गाडीतला कोणता भाग मालकाच्या सर्वांत कमी परिचयाचा असेल, तर तो हाच. याचे एक कारण रचनेतच आहे. या जातीच्या बहुतेक गाड्यांत चेन पत्र्याच्या कव्हरने पूर्णपणे झाकलेली असते. चिखल, धूळ, साडीचा पदर आणि धोतराचा सोगा यांचा विचार करता ही तजवीज योग्यच होय. परंतु जे दृष्टीआड होते ते हळूहळू अवधानातूनही निसटते, आणि कव्हरवरचे रबरी बूच काढून आत डोकावून पाहावे, हे कित्येकांना गाडी विकेपर्यंत सुचत नाही.

माझे मत असे आहे की, मागचा टायर बदलणे आणि चेनची ढील बेताची राखणे ही दोन कामे, ज्याच्या मनगटात साधारण बळ आणि हाताशी एक मोकळी सकाळ आहे अशा प्रत्येक मालकाने, निदान काही वेळा तरी, घरच्या अंगणात स्वतः करावीत. मजुरीची बचत हे त्याचे गौण कारण. ज्या वाहनावर आपण आपली बायकामुले बसवतो, त्याच्या स्थितीविषयी सर्वस्वी दुसऱ्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबणे मला गैर वाटते, हे मुख्य कारण.

सर्वांत मोठा गैरसमज आहे तो ढिलीविषयी. पुढचे स्प्रॉकेट गिअर बॉक्सच्या शाफ्टवर असते, तर मागचे चाक ज्या चिमट्यात बसवलेले असते तो चिमटा त्या शाफ्टच्या काहीसा मागे असलेल्या बोल्टवर खालीवर होतो. ही दोन केंद्रे एक नसल्यामुळे चाक खड्ड्यातून वर उचलले गेले की दोन स्प्रॉकेटांमधले अंतर बदलते, आणि शाफ्ट, बोल्ट व एक्सल एका सरळ रेषेत आले म्हणजे ते सर्वाधिक होते. त्या क्षणी चेनला पुरवठा व्हावा म्हणून एरवी तिच्यात ढील ठेवावी लागते. बऱ्याच लहान गाड्यांत खालच्या बाजूच्या मध्यावर चेन सुमारे 20 ते 30 मिलिमीटर खालीवर हलली पाहिजे. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत दिलेला असतो. आता होते असे की, मालक गॅरेजात जाऊन ‘चेन वाजते’ एवढीच तक्रार सांगतो, कामाच्या घाईत असलेला कारागीर ती कसून देतो, आवाज बंद होतो आणि दोघांचेही समाधान होते. पुढे दोन माणसे बसून गाडी खड्ड्यात आदळली म्हणजे त्या चेनला द्यायला काहीच शिल्लक नसते; सारा झटका गिअर बॉक्सच्या आणि चाकाच्या बेअरिंगवर जातो, आणि काही महिन्यांनी जो मोठा खर्च निघतो त्याचा संबंध त्या दिवसाच्या कसण्याशी कोणी जोडत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की ढील बोटाच्या अंदाजाने ठरवू नये, पट्टीने मोजावी. आणि चेन सर्वत्र सारखी झिजत नसल्यामुळे चाक हाताने फिरवून ती जिथे सर्वांत ताठ लागते तिथे मोजावी.

प्रत्यक्ष कामात अवघड असे फारसे नाही. सपाट जमिनीवर गाडी मेन स्टँडला लावावी, ब्रेकच्या रॉडचा नट आणि ड्रमला धरून ठेवणारी पट्टी सोडवावी, एक्सलचा नट काढून एक्सल ओढून घ्यावा, आणि निघालेला प्रत्येक वॉशर व स्पेसर कोणत्या बाजूचा होता हे ध्यानात ठेवून तो त्याच क्रमाने ताटलीत मांडावा. काही गाड्यांत मागचे स्प्रॉकेट व चेन जागच्या जागी राहून केवळ चाक बाहेर येते. इतरांत चेन उतरवावी लागते. चाक हाती आले की बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवावे, ब्रेक शू आणि हबमधले रबर पाहावेत. ही पाहणी एरवी कधीच घडत नाही.

रिमवरून टायर उतरवताना लोक लिव्हरवर सारे बळ लावतात आणि ट्यूब चिमटून फाडतात. वस्तुतः रिमच्या मध्यभागी जो खोलगट भाग असतो, त्यात समोरच्या बाजूची कड गुडघ्याने दाबून बसवली, की लिव्हरकडची कड थोडक्या जोरात बाहेर येते. जुन्या टायरच्या आतून फडके फिरवून बाभळीचा काटा कुठे आहे ते शोधावे आणि बाहेरून तो जिथे घुसला तिथली ट्यूबही तपासावी. खरे तर नव्या टायरला नवी ट्यूबच घालावी. नवा टायर घेताना त्याच्या अंगावरचे चार आकडे वाचावेत: 2324 याचा अर्थ 2024 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो तयार झाला. फिरण्याच्या दिशेचा बाण असल्यास तोही पाहावा. साबणाचे पाणी कडेला लावावे, ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरावी, आणि शेवटी कडेजवळची बारीक रेषा रिमपासून सर्वत्र सारख्या अंतरावर आली आहे ना, याची खात्री करावी. ट्यूबलेस टायरच्या कडा बसवायला कंप्रेसर लागतो. तिथे चाक आपण काढावे आणि टायरवाल्याकडे न्यावे.

चाक परत बसवताना चिमट्यावरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या आल्या म्हणजे झाले, असे समजू नये. त्या खुणांत तफावत असू शकते, म्हणून मागच्या टायरच्या दोन्ही अंगांनी पुढच्या चाकापर्यंत ताणून दोरी धरावी. एक्सलचा नट आवळल्यावर ढील पुन्हा मोजावी, कारण आवळताना ती बदलते. स्प्लिट पिन नवी घालावी, चेनच्या लॉकचे बंद टोक चेन पुढे सरकते त्या दिशेला ठेवावे. चाक मागे सरकल्यामुळे ब्रेकच्या पेडलचा खेळही बदललेला असतो, तो पुन्हा जुळवावा.

चेन लांबते ती पोलाद ताणले गेल्यामुळे नव्हे, तर प्रत्येक पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजल्यामुळे. हान्स रेनॉल्ड याने 1880 मध्ये मँचेस्टर येथे ही बुश-रोलरची चेन सिद्ध केली, आणि तिचे तत्त्व आजही तेच आहे. आपल्या बऱ्याच लहान गाड्यांच्या चेनमध्ये दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते. म्हणजे वीस कड्या 254 मिलिमीटर भरल्या पाहिजेत, आणि त्या 259 च्या पुढे गेल्या तर ती चेन दोन्ही स्प्रॉकेटांसह बदलावी, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी चेन लवकर संपते. एक गोष्ट मात्र मी कळकळीने सांगतो: इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडके लावू नये. फडके ओढले जाते, त्याबरोबर बोटेही जातात. रॉकेलचा ब्रश, पुसणे, नव्वद नंबरचे तेल, सर्व काही चाक हाताने फिरवून.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे दुचाकीच्या टायरची नक्षी निदान 0.8 मिलिमीटर खोल असावी लागते. कोकणातल्या घाटात आषाढात गाडी चालवणाऱ्याने त्या मर्यादेपर्यंत थांबू नये, असे मला वाटते. परंतु नक्षीची खोली, ढिलीचे माप आणि नट आवळण्याचा जोर हे आकडे छापून ठेवण्याने भागत नाही. गाडी ताब्यात देताना विक्रेत्याने कागदपत्रांवर सह्या घेण्यापूर्वी मालकाच्या हाती पट्टी देऊन ढील मोजून घ्यावी, एक्सलच्या नटाला लागणारा पाना गाडीबरोबर द्यावा आणि पुस्तिका मराठीत द्यावी. आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी, जिथे हे काम नित्य शिकवले जाते, सुट्टीच्या दिवशी आपली कार्यशाळा गावातल्या सामान्य मालकांना, स्त्रियांनाही, दोन-तीन तासांसाठी उघडी करावी. हत्यारे तिथे आहेत, शिकवणारे आहेत, आणि गाड्या तर दारोदार उभ्या आहेत.