पाळीव कुत्रा सोडला तर दंड ५० रुपये; मग त्याला सांभाळतं कोण?

हौसेने आणलेला कुत्रा रस्त्यावर सोडून देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड किती? फक्त १० ते ५० रुपये!

पुढचा खर्च शेल्टरच्या माथी. नव्या प्राण्याला आधी वेगळे ठेवतात. मग रेबीजसह इतर लसी, जंताचे औषध, नसबंदी आणि दत्तक घराचा शोध. म्हातारा किंवा अपंग प्राणी बहुधा तिथेच राहतो.

हे सगळे मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालते. वाढदिवसाला एकदाच पैसे देण्यापेक्षा दरमहा थोडे द्या. खाद्य आणि पगार दरमहाच लागतात. संस्थेची नोंदणी तपासा, पावती घ्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जीची करसवलत मिळत नाही.

पण सोडणाऱ्याची जबाबदारी देणगीदारांनी किती काळ उचलायची? दंड वाढायलाच हवा.