घरात झरोका हवाय? नुसता काचेचा भाव विचारू नका

जिना अंधारा, भर दुपारीही दिवा लावावा लागतो. मग स्कायलाइटचा विचार येतो आणि आपण दुकानात जाऊन काचेचा भाव विचारतो. पण मोठा खर्च काचेच्या भोवती असतो. ३ बाय ३ फुटांच्या झरोक्याला काच लागते ९ चौरस फूट, आणि पाणी अडवावं लागतं १२ फूट लांब सांध्यावर!

स्लॅब कापताना आतल्या सळ्याही कापल्या जातात. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी आधी धरा, तिथे काटकसर नको. पुढे उंच काठ, फ्रेम, वॉटरप्रूफिंग, मजुरी. कोटेशनमध्ये प्रत्येकाची रक्कम वेगळी लिहून मागा. काच लॅमिनेटेड घ्या. फुटली तरी तुकडे मधल्या फिल्मला चिकटून राहतात. पॉलिकार्बोनेट स्वस्त पडतं, पण यूव्ही कोटिंग नसेल तर पिवळं होतं. उन्हाळ्यासाठी पडद्याचे पैसेही धराच.

फ्लॅट असेल तर आधी सोसायटीची परवानगी.

आणि गावाकडचं कौलारू घर असेल तर एवढा खटाटोप कशाला? दोन कौलं काढून काचेची बसवा. फक्त माप तेच हवं, नाहीतर पहिल्याच पावसात खाली बादली ठेवावी लागेल.