साठ तासांची सेवा

सत्र संपत आले की गावोगावच्या लहान सेवासंस्थांच्या दारात विद्यार्थ्यांचे जथे दिसू लागतात. हातात महाविद्यालयाच्या शिक्क्याचे पत्र, पाठीवर सॅक आणि चेहऱ्यावर थोडी घाई. पत्राचा मजकूर बहुधा सारखाच असतो : राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार सदर विद्यार्थ्यास आपल्या संस्थेत प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेण्याची अनुमती द्यावी व तो पूर्ण झाल्यावर तसे प्रमाणपत्र द्यावे. कोणत्या कामाचा अनुभव, तो कोणी द्यायचा आणि कोणी तपासायचा, याविषयी पत्रात ओळही नसते. प्रमाणपत्राचा नमुना मात्र सोबत जोडलेला असतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीचे शिक्षण चार भिंतींच्या बाहेर नेण्याचा आग्रह धरला. महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी श्रेयांकांचा आराखडा ठरवून दिला. स्वायत्त महाविद्यालयांत तो २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला. क्षेत्रप्रकल्प, समाजसहभाग, प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण अशी त्यातील विषयांची नावे आहेत. अशा कामाचा एक श्रेयांक म्हणजे तीस तास. दोन श्रेयांकांसाठी साठ तास भरले की विषय सुटला, असे विद्यार्थी आपापसात म्हणतात. या धोरणाचे स्वागतच केले पाहिजे. समाजशास्त्रात प्रथम वर्ग मिळवलेल्या पदवीधराने आपल्याच गावाबाहेरच्या पालावर कधी पाऊल ठेवलेले नसावे, ही आपल्या विद्यापीठांची जुनी लाज आहे. प्रश्न हेतूचा नाही, हा भार जाऊन पडतो कोणावर, याचा आहे. तालुक्याच्या ठिकाणी मराठी किंवा इतिहास घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलाला कोणता कारखाना दारात उभा करणार? बँका नकार देतात, कचेऱ्या टोलवतात. उरते ती एखादी अनाथाश्रमासारखी, वृद्धाश्रमासारखी, वाचनालयासारखी लहान संस्था. ती कोणालाच ‘नाही’ म्हणत नाही.

अशा संस्थेचे अंतरंग एकदा पाहावे. पंचवीस-तीस मुलांचे वसतिगृह, एक अधीक्षक, स्वयंपाकाला एक मावशी आणि संध्याकाळी दोन तास येऊन हिशेब लिहिणारा एक निवृत्त कारकून. वर्गणी, धान्य आणि चार हितचिंतकांच्या भरवशावर गाडा चाललेला. तिथे एका सकाळी पंधरा विद्यार्थी येऊन उभे राहतात. त्यांना काम द्यायचे तर आधी ते समजावून सांगावे लागते, चुकले तर सुधारून घ्यावे लागते, झाले की तपासावे लागते. दर दहा तासांमागे केवळ एक तास अधीक्षकाने एका विद्यार्थ्यासाठी काढला, तरी साठ तासांमागे सहा तास होतात. पंधरा जणांचे नव्वद. आठ तासांच्या दिवसाने मोजले तर अकराहून अधिक पूर्ण दिवस. हे दिवस त्या संस्थेत शिल्लक पडलेले नसतात. ते मुलांच्या अभ्यासातून, आजाऱ्याला दवाखान्यात नेण्यातून, देणगीदाराच्या पत्राला उत्तर देण्यातून काढावे लागतात. फुकट माणूसबळ मिळाले, असे वरून दिसते. प्रत्यक्षात शिकवण्याचा खर्च महाविद्यालयाच्या खात्यातून उचलून अशा संस्थेच्या खात्यात टाकला जातो, जिच्याकडे खाते भरायला दुसरे काही नाही.

आणि मुलांचे काय? आईवडिलांवाचून वाढणाऱ्या मुलाला येणाऱ्या प्रत्येक ताई-दादाचा लळा लागतो. ताई पंधरा दिवस गाणी शिकवते, केस विंचरून देते, वाढदिवस विचारून वहीत लिहून घेते आणि तास भरले की दिसेनाशी होते. पुढच्या सत्रात दुसरी ताई येते, तीही वाढदिवस विचारते. चार-पाच वेळा असे झाले की मूल वाढदिवस सांगेनासे होते. ज्यांनी वसतिगृहात काही वर्षे काढली आहेत, त्या कार्यकर्त्यांना ही गोष्ट कोणी सांगावी लागत नाही.

त्यात छायाचित्रांची भर. काम झाल्याचा पुरावा म्हणून ठिकाण आणि वेळ उमटलेली छायाचित्रे आज अनेक महाविद्यालये मागतात. मूल्यांकनाच्या वेळी ती समितीपुढे ठेवायची असतात, कित्येकदा संकेतस्थळावरही चढवायची असतात. सबब खाऊ वाटतानाचा, पाटी पुसतानाचा, मुलाच्या खांद्यावर हात ठेवलेला असे फोटो निघतात. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड होईल असे नाव, पत्ता वा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. किती प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यांना हे सांगून पाठवतात?

दोष एकाच बाजूचा आहे, असेही नाही. आलेल्या मुलांना पाकिटांवर पत्ते चिकटवायला बसवणाऱ्या, वार्षिक अहवालात ‘यंदा शंभर स्वयंसेवकांनी सेवा दिली’ असे छापणाऱ्या संस्थाही आहेत. प्राचार्यांशी संबंध राहावेत, स्नेहसंमेलनात निधी गोळा व्हावा, म्हणून न आलेल्याही मुलाच्या साठ तासांखाली सही करून देणारे चिटणीस आहेत. ही सही लहान गोष्ट नव्हे. संस्थेच्या पावतीवर, शिष्यवृत्तीच्या शिफारशीवर, न्यायालयात दिलेल्या एखाद्या बालकाच्या अहवालावर हीच सही असते. ती एका ठिकाणी खोटी ठरली, तर दुसऱ्या ठिकाणी तिची किंमत कोण धरणार?

विद्यार्थ्याला संस्थेकडे कसे पाठवावे, याचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२६ मध्ये नागपाड्यात ‘नेबरहूड हाऊस’ नावाचे एक सेवाकेंद्र सुरू केले. गिरणगावाला लागून असलेल्या त्या दाट वस्तीत काम करता करता प्रशिक्षित कार्यकर्त्यांची निकड जाणवली आणि त्यातून १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्धीस आली. मॅनशार्ट मिशनतर्फे आलेले होते, म्हणून त्यातील धडा टाकून देण्याचे कारण नाही. आधी वस्तीतले काम होते, मग वर्ग आला. समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्याला आजही जे स्थान आहे, ते या जन्मकथेला साजेसेच आहे. टाटा संस्थेत, मुंबईच्या निर्मला निकेतनमध्ये वा पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत विद्यार्थी आठवड्यातील ठरावीक दिवस वर्षभर एकाच ठिकाणी जातो, केलेल्या कामाची नोंद लिहितो आणि त्या नोंदीवर त्याचा शिक्षक त्याच्याशी बसून बोलतो. संस्थेतील कार्यकर्ता आणि वर्गातील शिक्षक असे दोघे मिळून त्याला घडवतात. तिथेही तक्रारी असतात, पण विद्यार्थी कोणाच्या हवाली केला आहे, एवढे तरी ठाऊक असते.

दुसरीकडे राष्ट्रीय सेवा योजनेची आठवण कितीजणांना सुखद आहे, ते पाहावे. महात्माजींच्या जन्मशताब्दी वर्षात, सप्टेंबर १९६९ मध्ये, ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांसह ती सुरू झाली. तिच्या शिबिरांतून खेड्यांत शोषखड्डे झाले, बंधारे झाले, अनेकांना आयुष्याची दिशा मिळाली. पण जिथे कार्यक्रम अधिकाऱ्याला आस्था नव्हती, तिथे तोच रस्ता दरवर्षी झाडला गेला आणि वाढीव गुणांसाठी वह्या भरल्या गेल्या. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तिथे तर मे महिन्यातल्या विदर्भाच्या उन्हात कुदळ चालवावी लागे. तरीही तरुण आले. कशासाठी आले, हे तासांच्या नोंदवहीत सापडणार नाही.

म्हणून हे तास रद्द करा, असा सल्ला कोणी देऊ नये. ते नीट लावावेत. पंधरा विद्यार्थी पंधरा दिवस येण्यापेक्षा दोन विद्यार्थी तीन सत्रे यावेत. महाविद्यालयाने आपल्या परिसरातील चार-पाच संस्थांशी कायमचे नाते जोडावे, शिक्षकाने सत्रातून दोनदा तरी तिथे जाऊन बसावे आणि त्या भेटी त्याच्या कार्यभारात धराव्यात. एस.टी.चा सवलतीचा पास घर ते महाविद्यालय एवढ्याच वाटेचा असतो. वरच्या भाड्यासाठी दुकानातली संध्याकाळची नोकरी सांभाळणाऱ्या मुलाने पदरमोड करावी, हे न्यायाला धरून नाही. काम तर मुबलक आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली प्रत्येक संस्थेला दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. वाणिज्य शाखेच्या मुलाने वर्षभराची प्रमाणके लावून दिली, तर लेखापरीक्षकाची वाट पाहणाऱ्या त्या निवृत्त कारकुनाचा जीव भांड्यात पडेल. मराठीच्या विद्यार्थिनीने संस्थेचे जुने पत्रव्यवहार उलगडून लावावेत, संस्थापकांबरोबर काम केलेल्या वृद्धांच्या आठवणी त्या हयात आहेत तोवर उतरवून घ्याव्यात. रसायनशास्त्राच्या मुलाने वसतिगृहाच्या विहिरीचे पाणी तपासावे. मुलांत मिसळायचे ते यानंतर, अधीक्षकाच्या देखत आणि खिशातला फोन कार्यालयात ठेवून.

संस्थांनीही आपला एक कागद तयार ठेवावा : एका वेळी किती विद्यार्थी घेऊ, कोणते काम देऊ, किती दिवस आधी कळवावे, गैरहजर राहिल्यास काय. पत्र घेऊन येणाऱ्याच्या हातात तो द्यावा. जागा नसेल तेव्हा नकार देण्यात उद्धटपणा नाही.

खरी कसोटी मात्र याहून जवळ आहे. या संस्थांचे विश्वस्त, चिटणीस, वर्गणीदार हे आपल्याच घरांतले आहेत आणि हातात पत्र घेऊन फिरणारी मुलेही आपल्याच घरांतली. परीक्षा तोंडावर आली की संध्याकाळी फोन वाजतो : “आमच्या भाच्याला तेवढे सर्टिफिकेट हवे होते हो. त्याचे क्लास आहेत, यायला जमायचे नाही. तुमच्या सहीचेच काम आहे.” सांगणारा वर्षानुवर्षे दिवाळीला देणगी देणारा असतो. चिटणीसांची अडचण समजण्यासारखी आहे. तरी त्यांनी म्हणावे, पाठवा त्याला सोमवारी सकाळी सात वाजता. स्वयंपाकाच्या मावशी रजेवर आहेत आणि मुलांना शाळेआधी पोहे वाढायचे आहेत.