यूपीआयवरून मित्राकडे पैसे ‘मागता’ का येत नाहीत? एक बटण काढून टाकण्यामागचं कारण

1 ऑक्टोबर 2025 पासून यूपीआयवरून एका व्यक्तीला दुसऱ्या व्यक्तीकडे पैसे मागता येत नाहीत. पैसे पाठवता येतात, क्यूआर दाखवून घेता येतात. पण ‘अमुक रुपये दे’ अशी विनंती समोरच्याच्या ॲपमध्ये पाठवायची आणि त्याने फक्त पिन टाकून ती मंजूर करायची, ही सोय आता नाही. यूपीआय चालवणारं नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे एनपीसीआय, वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. तिथून 29 जुलै 2025 रोजी निघालेल्या एका परिपत्रकाने गुगल पे, फोनपे, पेटीएम, भीम आणि सगळ्या बँकांची ॲप यांच्यासाठी हा व्यवहार एकाच तारखेपासून बंद केला.

त्यावर आरडाओरडा झाला नाही. अनेकांना असं काही बटण होतं हेच आठवत नव्हतं. मग न वापरली जाणारी गोष्ट पडून राहिली असती तर बिघडलं काय असतं?

ही सोय आली कशासाठी?

2010 मध्ये आलेल्या आयएमपीएसमध्ये पैसे फक्त ढकलता येत, म्हणजे देणाऱ्याने सुरुवात करायची. तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते 11 एप्रिल 2016 रोजी मुंबईत यूपीआयची सुरुवात झाली, तेव्हा त्यातली एक नवी गोष्ट म्हणजे घेणाऱ्यालाही सुरुवात करता येणं. याला ‘कलेक्ट’ म्हणतात. ऑनलाइन खरेदी करताना यूपीआय आयडी टाकला की फोनवर विनंती यायची, ती हीच. दुकानदारांची ही सोय ऑक्टोबरच्या बंदीतून वगळली होती. गेलं ते फक्त व्यक्ती-ते-व्यक्ती मागणं.

त्याचे प्रामाणिक उपयोग होते. मुलुंडच्या एखाद्या सोसायटीच्या खजिनदाराला कोजागिरीची वर्गणी गोळा करायची असेल, तर प्रत्येक घराला नेमक्या रकमेची विनंती पाठवता यायची. कोणी दिले, कोणाचे राहिले, हे यादीत दिसायचं. अंधेरीत भाड्याने एकत्र राहणाऱ्यांना विजेचं बिल वाटून घेताना तोंडाने तगादा लावावा लागत नसे.

पण तोवर क्यूआर आला. घाटकोपर स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांकडे तो चौकोन लागला आणि मोबाइल नंबरवर थेट पैसे पाठवायची सवय झाली. खजिनदारही व्हॉट्सॲप ग्रुपवर क्यूआर टाकून मोकळा होऊ लागला. (त्यात आपल्याकडे ओळखीच्या माणसाला पैशांची रीतसर मागणी पाठवणं जरा उद्धटच वाटतं. अमेरिकेत व्हेन्मो किंवा झेलवर मित्राला अशी विनंती पाठवणं नेहमीचं आहे. इथे ‘अरे, ते तेवढं बघ ना’ असा मेसेज जातो.) प्रामाणिक माणसं हळूहळू या बटणापासून दूर गेली. ज्यांना त्याची खरी गरज होती ते राहिले, आणि त्यात भामटे होते.

फसवणूक व्हायची कशी?

बोरिवलीत कोणी जुना सोफा विकायला ऑनलाइन जाहिरात देतो. काही मिनिटांत फोन येतो. बोलणारा घासाघीस करत नाही. अनेकदा तो स्वतःला लष्करातला सांगतो, बदली झालीय म्हणतो, आणि ‘ॲडव्हान्स पाठवतो, आलेली रिक्वेस्ट ओके करून पिन टाका’ असं सुचवतो. फोनवर खरोखरच एक सूचना येते. विनंतीसोबत चार शब्द लिहायची जागा असते, तिथे त्याने ‘रिफंड’ किंवा ‘सोफा पेमेंट’ असं लिहिलेलं असतं. माणूस पिन टाकतो आणि पैसे येण्याऐवजी जातात.

फसलेल्याला मूर्ख म्हणणं सोपं आहे. पण एटीएम आठवा. तिथे पिन टाकला की पैसे हातात येतात. वर्षानुवर्षं बँकेच्या यंत्राने ग्राहकाला शिकवलेला धडा हाच होता, आणि यूपीआयमध्ये नेमका उलटा नियम आला: पिन लागतो तो पैसे जातानाच. ‘पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही’ ही सूचना बँकांनी एसएमएसमधून आणि ॲपच्या पडद्यावरून पुन्हा पुन्हा दिली. फोनवर कोणीतरी घाई करत असताना पडद्यावरची ती ओळ कोण वाचतं?

2019 मध्ये एनपीसीआयने मधला मार्ग काढला. व्यक्ती-ते-व्यक्ती मागणीवर एका वेळी 2,000 रुपयांची मर्यादा घातली. त्याने एका फटक्यातलं नुकसान आटलं. पण ‘पहिली अडकली, दुसरी पाठवतो’ म्हणत एकाच माणसाकडून अनेक विनंत्या मंजूर करून घेण्याची वाट मोकळीच राहिली.

एखाद्या ॲपने आधीच का काढली नाही?

कारण काढणं कोणत्याही एका ॲपच्या हातात नव्हतं. एरवी कंपनी आपल्या सॉफ्टवेअरमधलं बटण काढते आणि विषय संपतो. यूपीआय हे सामायिक जाळं आहे. समजा फोनपेने ‘रिक्वेस्ट मनी’चं बटण काढलं असतं. त्याच्या ग्राहकांना विनंती पाठवता आली नसती, पण दुसऱ्या ॲपवरच्या भामट्याची विनंती त्यांच्यापर्यंत पोहोचतच राहिली असती. म्हणजे प्रामाणिक ग्राहकाची सोय गेली असती आणि चोराची तशीच राहिली असती. एकेका ॲपने अनोळखी माणसाच्या विनंतीवर इशारा देणं, त्याला ब्लॉक करायची सोय देणं, इतकंच शक्य होतं. नळ मधूनच बंद करायला हवा होता आणि तो एनपीसीआयकडे होता.

या निर्णयातला महत्त्वाचा भाग हाच आहे. ‘वापर कमी आहे, काढून टाका’ हे कारण एकट्याने पुरत नाही. कमी वापराच्या अनेक सोयी कोणाला तरी अत्यंत गरजेच्या असतात. अंध व्यक्तीसाठीचं स्क्रीन वाचून दाखवणं हेही ‘कमी वापराचं’च म्हणता येईल. इथे फरक असा, की चांगल्या वापराला तितकाच सोपा पर्याय होता आणि वाईट वापराला ही सोय हवीच होती. इशारे देऊन झाले, मर्यादा घालून झाली, त्यानंतरच ती गेली. उलट तक्रार करायची तर उशिराची करता येईल: 2019 ते 2025 हा काळ लहान नाही.

मग फसवणूक थांबली का?

नाही, आणि थांबणारही नव्हती. सरकारने संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार 2022-23 मध्ये यूपीआय फसवणुकीची 7.25 लाख प्रकरणं घडली, त्यात 573 कोटी रुपये गेले. 2023-24 मध्ये प्रकरणं 13.42 लाख झाली आणि रक्कम 1,087 कोटी. भागाकार केला तर एका प्रकरणात सरासरी सुमारे 8,100 रुपये. मागणीची मर्यादा 2,000 असताना ही सरासरी आहे. एका सरासरीवरून सगळं सिद्ध होत नाही, विनंत्या एकामागून एक मंजूर होऊ शकतात. तरीही बरेचसे पैसे दुसऱ्या वाटांनी जात होते, असं मानायला जागा आहे.

त्या वाटा आजही उघड्या आहेत. सोफ्याचं गिऱ्हाईक आता विनंती पाठवू शकत नाही, तो क्यूआरचं चित्र पाठवून ‘हे स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणतो. वाहतूक चलनाच्या नावाने येणारी एपीके फाइल फोनच ताब्यात घेते. ‘डिजिटल अरेस्ट’च्या धमकीत तर माणूस स्वतःच पैसे पाठवतो. तिथे कुठलं बटण काढणार? 30 जून 2025 पासून पैसे पाठवण्याआधी बँकेच्या नोंदीतलं खरं नाव दाखवणं बंधनकारक झालं, त्याने थोडी मदत होते. पैसे गेलेच तर 1930 या क्रमांकावर लगेच कळवलं, तर ते पुढे सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता राहते.

ऑक्टोबरच्या निर्णयाने एक फट मात्र उघडीच ठेवली. बंदी व्यक्तींवर होती, दुकानदारांवर नव्हती, आणि दुकानदाराला 2,000 ची मर्यादाही नव्हती. म्हणजे एखाद्या भामट्याने दुकानदार म्हणून नोंदणी मिळवली, तर त्याला पूर्वीपेक्षा मोठी रक्कम मागता येण्याची वाट तेव्हा होती. ही नोंदणी करताना कागदपत्रं आणि धंदा तपासायचं काम बँकांचं आणि पेमेंट कंपन्यांचं आहे.