‘फरार’ या क्रियेचा कर्ता कोण?

रत्नागिरीत थिबा राजाचा वाडा आहे आणि समाधीही आहे. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या या राजाला पदच्युत केले आणि पुढल्या वर्षी खटल्याविना येथे आणून ठेवले. १९१६ साली तो येथेच वारला. हा अन्यायच होता. परंतु कैदी कोठे आहे आणि कोणाच्या हुकुमाने आहे, हे परकी सत्तेने लपवले नाही. स्वतंत्र महाराष्ट्रात ख्वाजा युनूसच्या वाट्याला एवढेही आले नाही.

युनूस परभणीचा, सत्तावीस वर्षांचा अभियंता. घाटकोपर बसस्फोटाच्या प्रकरणात डिसेंबर २००२ मध्ये त्याला ‘पोटा’खाली अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी जाहीर केले की औरंगाबादला नेत असता पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि आरोपी फरार झाला. त्याआधी कोठडीत त्याला अमानुष मारहाण होताना पाहिल्याचे एका सहआरोपीने न्यायालयात सांगितले. सीआयडीच्या तपासात पलायनाची कथा बनावट ठरली. मृतदेह मात्र सापडला नाही.

भाषेच्या अध्यापकांनी ‘फरार’ या शब्दापाशी थांबले पाहिजे. फरार होणे ही कैद्याची क्रिया. ज्याच्या हातात बेड्या होत्या, त्याला या वाक्याने कर्तेपण बहाल केले. ज्यांच्या हातात किल्ल्या होत्या, ते वाक्याबाहेर राहिले. ‘बेपत्ता’ हा शब्दही तितकाच सोयीचा आहे. ‘नाहीसा झाला’ आणि ‘नाहीसा केला’ यांतील भेद आपण व्याकरणाच्या तासाला शिकवतो. गुप्त कोठडीचे राजकारण नेमके याच भेदावर उभे असते.

पुढचा इतिहास हा कर्ता लपवण्याचाच आहे. चौकशीत चौदा पोलिसांवर ठपका आला. खटल्याची परवानगी शासनाने चौघांपुरती दिली. २०१२ साली उच्च न्यायालयाने आईला वीस लाखांची भरपाई मंजूर केली. साक्ष सुरू व्हायला २०१८ साल उजाडले. साक्षीदाराने आणखी चार अधिकाऱ्यांची नावे घेतली. त्यांना आरोपी करा, असा अर्ज देणाऱ्या विशेष सरकारी वकिलांनाच त्या वर्षी दूर करण्यात आले. २०२० साली, खटला अनिर्णित असताना, आरोपी सचिन वाझे पुन्हा सेवेत आले. भरपाई शासकीय तिजोरीतून म्हणजे आपणा सर्वांकडून गेली. उत्तर कोणीच दिले नाही.

दहशतवादाशी लढताना पोलिसांचे हात बांधू नयेत, असा युक्तिवाद होतो. त्या हातांनी साधले काय? खटला चाललेले सहआरोपी २००५ साली निर्दोष सुटले. स्फोटात दोन माणसे मेली होती. त्यांचे मारेकरी त्या खटल्यातून सापडले नाहीत. गुप्त कोठडीने एका आईचा मुलगा नेला, आणि स्फोटातील मृतांच्या नातलगांनाही न्यायाशिवायच ठेवले.

सक्तीने नाहीसे करण्याविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने २००७ साली सही केली, पण त्याला मान्यता दिलेली नाही. कोठडीतून माणूस नाहीसा करणे हा स्वतंत्र गुन्हा आपल्या कायद्यात नाही. म्हणजे क्रियापद भाषेत आहे, दंडसंहितेत नाही.

अर्जेंटिनात लष्करी राजवट संपल्यावर नाहीशा केलेल्या माणसांचा शोध घेणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद एर्नेस्तो साबातो या कादंबरीकाराकडे आले. १९८४ च्या त्या अहवालात जवळजवळ ९,००० माणसांची नोंद झाली. आपल्याकडे ‘साहित्य आणि समाज’ हा प्रश्न परीक्षेत दरवर्षी येतो. पण पोलिसी निवेदनातले वाक्य वर्तमानपत्र जसेच्या तसे छापते आणि आपण ते निमूट वाचतो. शैलीविचाराच्या तासाला कवितेइतक्याच बारकाईने हे वाक्य विद्यार्थ्यांपुढे ठेवावे आणि विचारावे: यातला कर्ता कोणी काढला, आणि कोणासाठी? वर्गात हा प्रश्न विचारायला कोणत्याही शासकीय परवानगीची गरज नाही.